गाईला विचारावं लागेल

निवृत्तीनंतर माझी दुपारची झोप फार गाढ झाली आहे. जेवून आडवा झालो की पंख्याच्या घरघरीत हळूहळू दुसराच आवाज मिसळतो. ठक्-ठुक्, ठक्-ठुक्. भामरागडकडच्या जंगलात जनावरांच्या गळ्यात लाकडाची घंटा बांधतात, तिचा हा आवाज. मग मी गोंडपिपरीतल्या माझ्या खाटेवर उरत नाही. बांबूच्या बेटांतून पायवाट निघते, धुकं गुडघ्याएवढं असतं, आणि त्यात बुडालेली जनावरं नुसत्या पाठी दाखवत पुढे चालत असतात. बायको हलवून उठवते. म्हणते, "झोपीत हात काऊन हलवून राह्यले? कोनाले सुई टोचता?"

मी पशुधन पर्यवेक्षक होतो. कागदावर एवढं भारदस्त नाव, लोकांच्या तोंडी 'ढोर-डॉक्टर'. खरे डॉक्टर तालुक्याला बसायचे, त्यांच्या हाताखाली आम्ही गावं फिरायचो. काम म्हणाल तर घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकूत यांच्या लसी टोचणं, अडलेली गाय मोकळी करणं, गोऱ्ह्यांचं खच्चीकरण करणं आणि उरलेल्या वेळात लाथ चुकवणं. हे शेवटचं काम कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी निरोप पाठवला, तुम्ही जंगलात नोकरी केली, लोकांच्या अंधश्रद्धांचे किस्से लिहा. हो म्हणालो आणि अडकलो. कारण कुठल्याही समजुतीबद्दल लिहायला बसलो की तिच्यामागून एक माणूस बाहेर येतो, समोर उकिडवा बसतो आणि माझ्याकडे पाहत राहतो. त्याच्या देखत किस्सा सांगणं जमत नाही.

आमचं घर बौद्ध. आजोबांनी घरातले देव नदीत सोडले होते आणि वडील आयुष्यभर मजुरी करून आम्हाला एकच सांगत, 'काऊन' विचारल्याबिगर काही मानायचं नाही. तो 'काऊन', म्हणजे 'का', घेऊन मी नोकरीला लागलो. नंतर नंतर लक्षात आलं की हा प्रश्न दोन तऱ्हांनी विचारता येतो. एक पोलीस विचारतो तसा, दुसरा पाहुणा विचारतो तसा. माझी नोकरीची पहिली कित्येक वर्षं पहिल्या तऱ्हेत गेली.

राजुऱ्याकडच्या एका गावात लसीकरणाला गेलो की बायका धडाधड दारं लावायच्या. लस टोचली की दूध पळते, ही त्यांची ठाम समजूत. कुसुमबाई म्हणून एक तोंडाळ बाई होती. मी तिला अंगणात उभं राहून रोगजंतू समजावले, तिनं ते सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "तुमी टोचता अन् फटफटीवर बसून चालले जाता. लोटा माह्या हाती राह्यते. उद्या सकाळी या ना भाऊ, पाहून घ्या." गेलो. लोटा अर्ध्यावर होता. लसीनं जनावराला किंचित ताप येतो आणि दोन दिवस दूध घटतं, हे आम्हाला ठाऊकच होतं. फक्त ते लोकांना सांगायची पद्धत नव्हती. पुढच्या खेपेपासून मी दारातच सांगू लागलो, दोन दिवस दूध कमी येईल, तिसऱ्या दिवशी वर येईल. दारं उघडी राहू लागली. कुसुमबाईनं तर शेजारणींनाही आणून उभं केलं.

माझंही ऐकून ठेवा. सुई टोचण्याआधी मी जनावराच्या कपाळाला हात लावतो. का, ते मला सांगता येणार नाही. एकदाच घाईत विसरलो, तेव्हा एका म्हशीनं माझी मांडी अशी काळीनिळी केली की आठवडाभर मी पालथा झोपलो. तेव्हापासून विज्ञानाच्या बाजूनं बोलताना मी आवाज जरा खालीच ठेवतो.

पण जी गोष्ट लिहायची म्हणून बसलो ती भामरागडकडची. गावाचं नाव लिहीत नाही, तसा शब्द दिला आहे.

दहा-बारा वर्षं झाली असतील. माझा दवाखाना नदीच्या अलीकडे आणि ते गाव पलीकडे. दवाखान्यात लालसू नावाचा परिचर होता, माडिया आदिवासी, माझ्याच वयाचा. मला माडिया बोली येत नसे, त्यामुळे पलीकडे गेलो की माझी जीभ म्हणजे लालसू. मी पाच मिनिटं बोललो की तो दोन शब्दांत आटपायचा. मी विचारायचो, "सगळं सांगितलं ना रे?" तो म्हणायचा, "कामाचं तेवढं सांगतलं, साहेब."

श्रावणात पलीकडच्या आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टरचा निरोप आला. ती ब्रह्मपुरीकडची, जिवाला जीव देणारी पोरगी. निरोप असा, 'भाऊ, येऊन जा. ढोराचंबी काम हाय अन् माणसाचंबी.' आम्ही डोंग्यातून, म्हणजे लाकूड कोरून केलेल्या होडीतून, पलीकडे गेलो. आमच्यामागे पाणी चढलं आणि नदीनं दार लावून घेतलं.

जैनी नावाच्या म्हातारीच्या घरी योजनेतली एक संकरित गाय होती. तांबडी, भल्या मोठ्या कासेची. तिचं वासरू पातळ हगत होतं. कारण पाहताक्षणी कळलं. त्या गावात गाईचं दूध काढत नाहीत. गाय-बैल नांगराला आणि शेणखताला, दूध वासराचं. गावरान गाईचं दूध असतंच केवढं, ते वासराला पुरतं. ही योजनेची गाय चार वासरांचं दूध एकट्या वासराला पाजत होती. ते बिचारं पोट फुटेस्तोवर प्यायचं आणि हगायचं. मी त्याच्या तोंडाला मुसकं बांधलं आणि दिवसभर उपाशी ठेवायला सांगितलं. ढोराचं काम संपलं.

माणसाचं काम घरात होतं. जैनीचा नातू, पाच-सहा महिन्यांचा. त्याची आई पावसाच्या तोंडाशी तापानं गेली होती. सिस्टर त्याला डब्याची पावडर पाजत होती, पण डबा संपला आणि नदी भरली. पोराला तांदळाची पेज चालली होती. पोराचा बाप धानाच्या रोवणीवर जायचा, संध्याकाळी येऊन पोराकडे न बघता बसायचा. पोर रडायचंही हळू, कोणाला त्रास नको असल्यासारखं.

"भाऊ, वजन उतरून राह्यलं त्याचं," सिस्टर म्हणाली. "पावडर येईपर्यंत गाईचं दूध उकळून, पातळ करून देता येते. दारात गाय हाय. पण आजी ऐकून नाई राह्यली. माणसाच्या सिस्टरचं नाई ऐकत, ढोराच्या डॉक्टरचं ऐकन."

मी माझं ठेवणीतलं भाषण केलं. दुधातली ताकद सांगितली, सगळं जग दूध पितं ते सांगितलं. लालसूनं दोन शब्द टाकले. जैनी चुलीजवळ बसली होती. चुलीवर पानांच्या पुडीत मीठ टांगलेलं होतं, धुरानं काळं पडलेलं, मूठभर. बाजार नदीपलीकडे राहिल्यामुळे गावातल्या सगळ्याच पुड्या लहान होत आल्या होत्या. म्हातारीनं माझ्याकडे न बघता उत्तर दिलं.

"म्हणते, दूध वासराचं," लालसू म्हणाला.

"एवढंच?"

"एवढंच."

संध्याकाळपर्यंत गाय हंबरू लागली. वासरू तोडल्यामुळे कास दगडासारखी तटतटली होती. मी जैनीला म्हटलं, ही मोकळी केली नाही तर कास सुजेल, सड कायमचा जाईल. याला तिची हरकत नव्हती. जनावराचं दुखणं तिला कळत होतं. वासराला समोर बांधलं, गाईनं त्याला चाटत चाटत पान्हा सोडला आणि मी मडकं भरून दूध काढलं. फेस वर आला. सिस्टर दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या मनात आलं तेच माझ्या मनात आलं असणार.

जैनीनं माझ्या हातातलं मडकं घेतलं, मोहाच्या झाडाकडे चालत गेली आणि सगळं दूध मुळाशी ओतलं. अगदी सावकाश, एक थेंब इकडे तिकडे जाऊ न देता. ओल्या मातीत पांढरी रेघ थोडा वेळ दिसली, मग तीही गेली. आत पोर त्याच्या त्या हळू आवाजात रडत होतं. सिस्टरनं तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. मला इतका संताप आला की म्हातारीचा हात धरून ओढावंसं वाटलं. नातवापेक्षा हिला नियम मोठा, असं मी मोठ्यानं बोललोसुद्धा. लालसूनं त्याचं भाषांतर केलं नाही.

मी मोहाखालीच बसून राहिलो. बसण्याशिवाय करण्यासारखं काही नव्हतं. ढग खाली आले होते, झाडांचे शेंडे दिसत नव्हते, आणि सगळं गाव पाण्याखाली असल्यासारखं हिरवं, गप्प झालं होतं. गुरं परतत होती. ठक्-ठुक्. जैनी रिकामं मडकं मांडीवर घेऊन माझ्यापासून थोडं दूर बसली. कधीतरी माझ्यातला पोलीस कंटाळून निघून गेला असावा, कारण मी लालसूला म्हणालो, "तिला विचार, पोराला हे दूध दिलं तर काय होईल? मला खरंच माहीत नाही, म्हणून विचारतो."

लालसूनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि या वेळी तो बराच वेळ बोलला. म्हातारी त्याहून जास्त वेळ बोलली. बोलता बोलता ती अंगणाच्या कुंपणाकडे बघत होती; ते पोराच्या आईनं बांधलेलं, हे मला नंतर कळलं.

लालसू म्हणाला, "म्हणते, सून गेली, पोराचं दूध तिच्यासंगं गेलं. आता दुसऱ्या पोराच्या तोंडचं ओढून याले देलं, तं हे चोर झालं. माय नाई याले. माय असती तं सोडवलं असतं याले. माय नसलेलं पोर चोर झालं तं त्याच्याकडून कोण बोलन? वासराची माय तं उभी हाय, पाहून राह्यली."

आम्ही सगळे तिला सांगत होतो, पोराला वाचव. ती तेच करत होती. फक्त तिला तो जगल्यानंतरचंही दिसत होतं. ती म्हातारी आज ना उद्या जाणार, बाप हा असा, आणि पोरानं आयुष्याची सुरुवातच दुसऱ्याच्या लेकराचं हिसकावून केली तर त्याच्या बाजूनं उभं राहायला कोणी नाही. तिचा नियम मला अजूनही पटत नव्हता. पण त्यात नातवावरचं प्रेम किती होतं ते मात्र आता दिसलं.

"ओढून घेतलं तर चोर," मी म्हणालो. "पण कोणी दिलं तर?"

लालसूनं विचारलं. जैनीनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग गाईकडे पाहिलं.

"म्हणते, वासरू लहान हाय, त्याले काय समजते. त्याच्या मायले विचारावं लागन."

"गाईला? कसं विचारायचं?"

हा प्रश्न तिला जरा खुळचटच वाटला असावा. लालसू हसत म्हणाला, "म्हणते, ढोराचा डॉक्टर हाय ना हा? गाय ज्याले आपलं म्हणते त्याले चाटते. पोराले समोर ठेवू. चाटलं तं देलं. नाई चाटलं तं पुन्हा इचारायचं नाई, ना तुमी, ना सिस्टरनं."

हा सगळ्या माडिया लोकांचा रिवाज आहे, असं मी म्हणत नाही. लालसूनंही तो आधी ऐकला नव्हता. तो त्या म्हातारीचा होता. सकाळी विचारू, असं ठरलं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. एखादी गाय वासरू मागे ठेवून मेली तर त्या पोरक्या वासराला दुसऱ्या गाईला लावावं लागतं. गाय परकं वासरू हुंगते आणि लाथाडते. अशा वेळी जाणता माणूस वासराच्या पाठीला मीठ चोळतो. जनावर मिठाला हपापलेलं असतं. ती मिठासाठी चाटू लागते, चाटता चाटता तिला माया फुटते आणि ती पान्हा सोडते. मी हे कितीदा तरी केलं होतं.

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते तुम्हाला कळलंच असेल. सकाळी सिस्टरच्या स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ मागून घेतलं आणि खिशात टाकलं. पोराला मांडीवर घ्यायच्या निमित्तानं डोक्यावरून हात फिरवायचा, एवढंच. खिशातल्या ओलीनं मीठ पाझरू लागलं, बोटं चिकट झाली. पोर जगायला हवं होतं, याबद्दल माझ्या मनात दुमत नव्हतं. पण म्हातारी गाईला खरोखर विचारणार होती, आणि मी उत्तर आधीच पढवून ठेवायला निघालो होतो.

अंगणात धुकं होतं. गाय खुंट्याला उभी होती, तिच्या नाकपुड्यांतून वाफ निघत होती. पोराचा बाप त्या दिवशी रोवणीवर गेला नव्हता, कुडाला टेकून उभा होता. शेजारपाजारचे चार लोक लांबच थांबले. जैनी पोराला घेऊन घरातून बाहेर आली. मी पुढे झालो, हात खिशातून अर्धा बाहेर काढला, आणि थांबलो.

पोराच्या टाळूवर, कपाळावर, गालांवर मीठ होतं. भरपूर. धुराचं काळपट मीठ, धुक्यात भिजून चमकणारं. दारातून आत चुलीकडे माझी नजर गेली. पानांची पुडी जागेवर नव्हती.

जैनी गाईसमोर बसली आणि तिच्याशी बोलू लागली. लालसूनं भाषांतर केलं नाही, मीही विचारलं नाही. बराच वेळ ती बोलली. मग तिनं पोराला दोन्ही हातांवर घेऊन पुढे धरलं. गाईनं कान हलवले. मान मागे घेतली. मग तिनं मान लांब केली, हुंगलं, आणि ती खरबरीत जीभ पोराच्या कपाळावरून वरपर्यंत फिरली. पोर दचकलं आणि रडलं. या वेळी चांगलं मोठ्यानं, हक्कानं रडलं. गाय चाटत राहिली.

पोराचा बाप कुडापासून सुटला, गाईजवळ आला आणि तिच्या मानेवर डोकं ठेवून हुंदके देऊ लागला. बायको गेल्यापासून तो रडला नव्हता, असं सिस्टर नंतर म्हणाली.

दूध मी काढलं. दोन सड वासराचे, दोन पोराचे, असं जैनीनं बोटानं दाखवून ठरवून दिलं. वासराची हगवणही त्यानं थांबली, हे ओघानं आलंच. सिस्टरनं दूध उकळलं, पातळ केलं, आणि वाटी-चमच्यानं पाजायला बसली. नदी उतरून पावडर येईपर्यंत पोर त्यावर तगलं.

त्या दुपारी आम्ही मोहाखाली बसलो होतो. मला राहवलं नाही. लालसूला म्हटलं, विचार तिला, मीठ लावलं की गाय चाटणारच, हे तिला माहीत होतं ना? लालसू विचारायला तयार होईना. शेवटी विचारलं. मला वाटलं, म्हातारी ओशाळेल किंवा हसेल तरी. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू विचारत होती, हा माणूस कुठल्या घरात वाढला.

"म्हणते," लालसू खाली बघत म्हणाला, "मागाले जाताना रिकाम्या हातानं जात असतेत का?"

घरातलं होतं नव्हतं तेवढं मीठ ती गाईला घेऊन गेली होती. एके काळी याच मुलखात लोकांनी मापभर चारोळी देऊन मापभर मीठ घेतलं आहे. पुढचा बाजार होईपर्यंत त्या घरानं अळणी पेज खाल्ली. ज्याला मी युक्ती म्हणत होतो, तो तिच्या लेखी आहेर होता. आणि मीठ तेच, जीभ तीच. खरं कोणाचं, हे मी अजून ठरवलेलं नाही. झोपेत कधी माझं खरं वाटतं, कधी तिचं. जागेपणी बहुतेक वेळा तिचंच.

खिशातलं माझं मीठ मी जाताना गाईपुढे धरलं. तिनं हात स्वच्छ केला.

पुढे ते वासरू गोऱ्हा झाल्यावर मी खच्चीकरणाचा चिमटा घेऊन रीतसर गेलो होतो. जैनीनं दारातच अडवलं. लालसू म्हणाला, "म्हणते, पोराच्या थोरल्या भावाले?" मी चिमटा बॅगेत ठेवला. माझ्या नोकरीत एवढं बिनतोड उत्तर मला दुसरं मिळालं नाही. पोर आता गुरं राखतं, आणि त्या थोरल्या भावाशी मोठमोठ्यानं भांडतं म्हणे.

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मी बायकोला म्हटलं, एकदा जाऊन येतो. एसटीनं गेलो, नदीवर आता पूल आहे. लालसू सोबत आला, त्याचेही केस पिकले आहेत. जैनी खूप वाकली आहे, डोळे जवळजवळ गेले आहेत. मी तिच्यासमोर मिठाची पुडी ठेवली. तिनं चाचपून पाहिली, ओळखली आणि काहीतरी म्हणाली.

"म्हणते, आता काय मागाले आला?"

मी सांगितलं, त्या सकाळची गोष्ट लिहायची आहे. गावाचं नाव घालणार नाही. पण गोष्ट तुझी आहे, म्हणून विचारायला आलो.

लालसूनं एक शब्दही न गाळता सगळं सांगितलं. बाहेर कुठेतरी गुरं परतत होती, ठक्-ठुक्, आणि मी त्या गाईसमोर उभा राहिलो होतो तसाच श्वास धरून बसलो होतो. मग तिनं पुडीची गाठ सोडली, बोट आत बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.